खून वाढले की कमी झाले?

(विहाराच्या वर्धापन दिनी उपासक-उपासिकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात राहून गेलेले काही आकडे लिहून काढताना घातले आहेत.)



समितीने बोलावणे धाडले तेव्हा आम्ही विषय कळवला, ‘खुनांचे आकडे’. फोनवर क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग सचिव म्हणाले, “सर, वर्धापन दिन आहे, जरा बरा विषय नाही का एखादा?” त्यांचेही बरोबर होते. पण आम्ही सारी उमर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात घालवली. आमच्याकडे बरे विषय येणार कुठून? शिवाय हा विषय आम्ही शोधून आणलेला नाही, तो याच विहाराच्या ओट्यावर आम्हाला मिळाला.

झाले असे की, एका रविवारी वंदना झाल्यावर चार मंडळी बसली होती. वर्तमानपत्रात खुनाची बातमी होती. एक आजोबा म्हणाले, “आमच्या वेळी असं नव्हतं. आता माणूस मारणं म्हणजे कोंबडी मारणं झालंय.” त्यावर एक पोरगा मोबाईल दाखवत म्हणाला, “आजोबा, सरकारी आकडे बघा, खून कमी झालेत.” आजोबा भडकले. पोरगाही हटेना. शेवटी दोघे आमच्याकडे वळले, “सर, तुम्हीच सांगा.” आम्ही त्या दिवशी “सांगतो केव्हातरी” म्हणून वेळ मारून नेली. तेच देणे आज फेडायचे आहे.

तर प्रथम आकडे. आपल्या देशात गुन्ह्यांचे वार्षिक आकडे १९५३ पासून पुस्तकरूपाने निघतात. १९८६ साली राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाला, पुढे हे काम त्याच्याकडे आले. १९५३ साली साऱ्या देशात खुनाचे गुन्हे नोंदले गेले ९,८०२. १९९२ साली ते चाळीस हजारांच्या घरात गेले. २०२२ साली होते २८,५२२. आता नुसता आकडा घेऊन चालत नाही, कारण माणसेही वाढली. म्हणून एक लाख लोकवस्तीमागे किती, असे काढतात. १९५३ साली लाखामागे अडीच ते पावणेतीन, १९९२ साली साडेचारच्या वर, आणि २०२२ साली दोनच्या किंचित वर.

म्हणजे बघा, आजोबांनी तारुण्य काढले त्या काळात प्रमाण कमी होते आणि ते पन्नाशीला आले तोवर जवळजवळ पावणेदोन पटीने वाढले होते. त्यांचे डोळे खोटे बोलत नव्हते. पोरगा जन्मला तेव्हापासून प्रमाण खाली येत गेले, तोही खोटे बोलत नाही. दोघे एकाच डोंगराच्या दोन बाजूंना उभे होते, एवढेच.

इथे आमचे भाषण संपवता आले असते. पण हे आकडे बनतात कसे, ते आम्हाला थोडेफार माहीत आहे, आणि ते एकदा कळले की माणूस इतक्या सहजासहजी “वाढले” किंवा “घटले” म्हणत नाही.

जगात खुनांचा इतिहास मोजायला सुरुवात झाली ती मुख्यतः इंग्लंडच्या कागदपत्रांवरून. तिथे ११९४ साली कॉरोनर नावाचा अधिकारी नेमला गेला. कोणी अकस्मात मेले की कॉरोनरने यायचे, आजूबाजूच्या गावांतले पंच जमवायचे, प्रेत डोळ्यांनी पाहायचे, जखमा पाहायच्या आणि चामड्याच्या गुंडाळीवर सारे लिहायचे. आपल्याला वाटेल, राजाला मेलेल्या माणसाची केवढी काळजी! तसे काही नव्हते बरं का. खुन्याची मालमत्ता राजाच्या खजिन्यात जमा व्हायची, तिचा हिशेब ठेवायचा होता. पैशासाठी लिहिलेले ते कागद आज आपल्याला सातशे वर्षांपूर्वीचे खून मोजायला उपयोगी पडतात.

टेड रॉबर्ट गर या अमेरिकन अभ्यासकाने १९८१ साली इंग्लंडमधले असे सुटे सुटे अंदाज एका आलेखावर मांडले, तेव्हा लोक चकित झाले. पुढे मॅन्युएल आइसनर यांनी युरोपातल्या अनेक देशांचे अंदाज एकत्र केले. चित्र असे निघाले : इंग्लंडात तेराव्या-चौदाव्या शतकात लाखामागे वीसच्या वर माणसे मारली जात. सोळाव्या शतकात सात, सतराव्यात पाच, अठराव्यात दीडच्या आसपास, आणि विसाव्या शतकात सरासरीने एकाच्याही आत. मध्ये १९६० नंतर पुन्हा चढ आला, एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकला आणि मग उतरला. आज तिथे लाखामागे एकाच्या आसपासच आहे. साऱ्या जगाचे म्हणाल तर संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाने २०२१ सालचा अंदाज ४ लाख ५८ हजार बळींचा दिला आहे, म्हणजे लाखामागे ५.८.

हे वाचून पुष्कळ जण म्हणतात, जुना काळ रानटी होता, माणूस सुधारला. नॉर्बर्ट एलियास यांनी १९३९ सालीच असे मांडले होते की राजसत्ता मजबूत झाली, माणसे एकमेकांवर जास्त अवलंबून राहू लागली, तसा माणूस स्वतःला आवरायला शिकला. स्टीव्हन पिंकर यांनी २०११ साली तोच धागा पुढे नेऊन जाडजूड ग्रंथ लिहिला. आम्ही या मताच्या विरोधात नाही. उतार खरा आहे, असेच आमचेही मत आहे. वीसचा एक होतो तेव्हा तो नुसत्या कारकुनी चुकीने होत नाही. पण उतार नेमका केवढा, आणि त्या उतारात कोण मोजले गेले नाही, हे विचारायला हवे.

ऑक्सफर्डचे उदाहरण घ्या. नामांकित विद्यापीठाचे गाव. १३४० च्या दशकातल्या कॉरोनरच्या गुंडाळ्यांवरून तिथे लाखामागे ११० खून होत, असा अंदाज पूर्वी दिला जाई. अलीकडे, २०२३ साली, आइसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच मजकूर पुन्हा तपासून ६० ते ७५ असा अंदाज दिला. प्रेते काही कमी झाली नाहीत हो! मग एवढा फरक कसा? त्या वेळी ऑक्सफर्डची वस्ती होती साधारण सात हजार, असे आता धरतात, त्यातले दीड हजार विद्यार्थी. जनगणना तर नव्हतीच. समजा वर्षाला पाच खून झाले. वस्ती सात हजार धरली तर लाखामागे ७१ होतात, पाच हजार धरली तर थेट १००. आणि सात हजारांच्या गावात वर्षाला एक प्रेत जास्त सापडले की प्रमाण चौदाने वाढते. आमचे विद्यार्थी नेहमी वरच्या आकड्याकडे बघत, आम्ही त्यांना म्हणत असू, बाळांनो, भागाकारात खालचाही आकडा असतो.

(जाता जाता : त्या ऑक्सफर्डात मारणाऱ्यांपैकी आणि मरणाऱ्यांपैकीही सुमारे तीन-चतुर्थांश जण विद्यापीठाशी संबंधित होते. शिकलेला माणूस हात उचलत नाही, असा आमच्या काही प्राध्यापक मित्रांचा समज आहे. त्यांना आम्ही हा आकडा मुद्दाम सांगतो.)

आणि हसू नका, खालच्या आकड्याची अडचण आपल्यालाही आहे. आपली शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झाली नाही, ती पुढे ढकलत २०२७ वर गेली. म्हणजे २०२२ चे दोनच्या वरचे प्रमाण ज्या लोकसंख्येने भागून काढले, ती मोजलेली नाही, अंदाजाने वाढवत नेलेली आहे.

आता दुसरी गोष्ट, औषधपाण्याची. चौदाव्या शतकात दारूच्या गुत्त्यावर भांडण झाले, पोटात चाकू बसला, की माणूस तडफडत चार-आठ दिवसांनी जखम चिघळून जायचा. कॉरोनर त्याला खूनच लिहायचा, आणि ते बरोबरही होते. तोच चाकू आज बसला तर ॲम्ब्युलन्स येते, रक्त चढवतात, टाके पडतात, माणूस पंधरा दिवसांत घरी. चाकू तोच, राग तोच, पण गुन्हा दुसऱ्या रकान्यात गेला, ‘खुनाचा प्रयत्न’. आपल्याकडे २०११ साली खुनाच्या प्रयत्नाचे गुन्हे खुनाच्या गुन्ह्यांपेक्षा कमी होते. २०२२ साली ते अर्ध्या लाखाच्या वर गेले, खुनांच्या जवळजवळ दुप्पट. यात डॉक्टरांचे यश किती, पोलीस आता कोणते कलम लावतात त्याचा वाटा किती, आणि माणसे खरोखर किती जास्त अंगावर धावतात, हे एका आकड्यातून वेगळे काढता येत नाही. “खून कमी झाले” म्हणजे “मारामारी कमी झाली” असे मात्र कोणी समजू नये.

तिसरी गोष्ट जरा खोलात जाऊन सांगतो, कारण आमचा खरा विषय तोच आहे. खून म्हणायचे कशाला?

भन्तेजींसमोर हे सांगणे म्हणजे आगाऊपणा आहे, पण पाणातिपाताची पाच अंगे अट्ठकथांत सांगितली आहेत. प्राणी असला पाहिजे, तो प्राणी आहे हे ठाऊक असले पाहिजे, मारण्याचे चित्त पाहिजे, प्रयत्न पाहिजे, आणि त्या प्रयत्नानेच मरण आले पाहिजे. पाचही जमली तर पाणातिपात. आमच्यासारख्या आकडेवाल्याला हे वाचून फार बरे वाटले, कारण कायदाही हेच विचारतो. मरण दिसते, प्रयत्नाच्या खुणा दिसतात, पण चित्त कोण बघणार? तिथेच सारा घोळ आहे. कायद्यात मारण्याचा हेतू असेल तर खून, तो त्या पायरीला पोचत नसेल तर सदोष मनुष्यवध, निष्काळजीपणा असेल तर तिसरे कलम, आणि काहीच नाही म्हटले तर अकस्मात मृत्यू. चार रकाने. प्रेत एकच. ते कोणत्या रकान्यात जाईल ते कोणीतरी माणूस ठरवतो.

मुंबईचे बघा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलीत ९०० माणसे मेली, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. कशाने मेली तेही दिले आहे : पोलिसांच्या गोळीबारात ३५६, भोसकून ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या हल्ल्यात ८०, खाजगी गोळीबारात २२, इतर कारणांनी ४. आता यांत खून किती? भोसकलेले तर नक्की. पोलिसांच्या गोळीने मेलेले माणूस सहसा खुनाच्या रकान्यात येत नाही. म्हणजे त्या दंगलीत सर्वांत जास्त जीव घेणारे कारण खुनांच्या आकड्यात जवळजवळ दिसतच नाही.

घाटकोपरची रमाबाई आंबेडकर नगर वस्ती इथल्या कोणाला सांगायला नको. ११ जुलै १९९७, बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना, आणि मग राज्य राखीव दलाचा गोळीबार. दहा जीव गेले. त्या प्रकरणात २००९ साली सत्र न्यायालयाने संबंधित अधिकाऱ्याला दोषी धरले ते सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली. कायद्याने शब्द वापरला तो तोलून वापरला असेल, आम्ही न्यायालयावर टीका करायला उभे नाही. पण मोजणीच्या दृष्टीने बघा, १९९७ साली मुंबईत खून किती झाले हे कोणी काढायला बसला तर त्या शीर्षकाखाली हे दहा जण त्याला मिळणार नाहीत.

आणि खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, एकाच घरातली चार माणसे. गुन्हे नोंद विभागाचा खुनांचा जो मुख्य आकडा आपण ऐकतो तो गुन्ह्यांचा असतो, बळींचा वेगळ्या तक्त्यात असतो. एका फिर्यादीत चार जीव असले तरी गुन्हा एक. शिवाय एका फिर्यादीत अनेक अपराध असले तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढा मोजायचा, असा नियम आहे. खुनाआधी जे जे केले ते सारे त्या एका शब्दाखाली झाकले जाते. जातीचा प्रश्न त्याहून अवघड. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी धरले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो असे मानले नाही, आणि २०१० साली उच्च न्यायालयानेही ते मत बदलले नाही. मग पुढे कोणी विचारले की महाराष्ट्रात जातीपायी किती खून झाले, तर उत्तर त्या वेळी कागदावर कोणते कलम चढले, यावर अवलंबून. नव्या न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेला खून हा वेगळ्या पोटकलमात घातला आहे. आता त्याचा वेगळा आकडा निघू लागेल. आणि दहा वर्षांनी कोणीतरी आलेख काढून म्हणेल, “२०२४ आधी असे खून होत नव्हते!” हसता काय, असेच होते. नवा रकाना उघडला की नवा गुन्हा जन्माला आल्यासारखा दिसतो.

इंग्लंडातही हे चालते. तिथे हावर्ड टेलर या इतिहासकाराने १९९८ साली दाखवून दिले की १८८० पासून १९६६ पर्यंत तिथल्या खुनांचा वार्षिक आकडा दीडशेच्या आसपासच घुटमळत राहिला, वीस टक्के इकडे-तिकडे. दोन महायुद्धे झाली, मंदी आली, लोकसंख्या वाढली, आणि खून आपले दीडशे! त्यांचे म्हणणे, खुनाचा तपास आणि खटला खर्चिक, म्हणून संशयास्पद मरणे अपघातात किंवा आत्महत्येत जात होती. इतर इतिहासकारांनी यावर बरेच आक्षेप घेतले आहेत आणि आम्हालाही ते पूर्ण पटत नाही. पण शंका वाया जाण्यासारखी नाही.

तिथली दोन उदाहरणे आम्हाला फार बोलकी वाटतात. हॅरॉल्ड शिपमन नावाचा एक डॉक्टर होता, मँचेस्टरजवळच्या हाइड गावचा. म्हातारी माणसे त्याच्यावर विश्वास ठेवत. १९७५ ते १९९८ या काळात त्याने २१५ रुग्णांना मारले, असा निष्कर्ष चौकशीत २००२ साली निघाला. इतकी वर्षे कळले कसे नाही? मृत्यूचा दाखला देणारा तोच होता ना! त्यातले १७२ बळी २००२-०३ या एकाच वर्षाच्या आकड्यात दाखवले गेले. आलेखात त्या वर्षी उंच सुळका दिसतो, आणि ज्या वर्षांत ती माणसे खरोखर मेली ती वर्षे आपली शांत दिसतात.

दुसरे, हिल्सबरो. १५ एप्रिल १९८९, फुटबॉलचा सामना, चेंगराचेंगरीत ९६ माणसे गेली. १९९१ साली निकाल लागला, अपघाती मृत्यू. नातेवाईक गप्प बसले नाहीत. वर्षामागून वर्षे गेली, २०१६ साली नव्या पंचांनी सांगितले की ही माणसे बेकायदेशीरपणे मारली गेली. मग ते ९६ मृत्यू मार्च २०१७ ला संपणाऱ्या वर्षाच्या मनुष्यवधांत मोजले गेले. ‘अपघात’ लिहिलेले होते ते खोडायला सत्तावीस वर्षे कोणी तरी उभे राहावे लागले.

आल्प्सच्या बर्फात १९९१ साली एका माणसाचे प्रेत सापडले, पाच हजारांवर वर्षांपूर्वीचे. ओत्झी नाव ठेवले. दहा वर्षे जगभरचे पंडित त्याला तपासत होते, थंडीने मेला असावा असे म्हणत होते. २००१ साली क्ष-किरणात दिसले, खांद्यात बाणाचे टोक रुतलेले आहे. पाच हजार वर्षांपूर्वीच्या खुनाची नोंद अशी झाली. प्रेत जपले गेले होते म्हणून झाली.

आमच्याकडे प्रेत जपले जात नाही. जळते.

१९८२ साल होते. आम्ही तेव्हा चाळीत राहायचो, नुकतीच नोकरी लागली होती. शेजारच्या खोलीत एक लग्न झालेली मुलगी आली होती, आम्ही तिला वहिनी म्हणत असू. दोन वर्षे झाली होती लग्नाला. एका पहाटे किंकाळ्या ऐकू आल्या. आम्ही गोधड्या घेऊन धावलो, विझवले, टॅक्सीत घालून दवाखान्यात नेले. तीन दिवस जिवंत होती. जबाब घ्यायला हवालदार आले तेव्हा सासू खाटेच्या उशाशी उभी होती. वहिनीने सांगितले, स्टोव्हचा भडका उडाला. ती गेली.

आता आकडे ऐका. २००१ सालच्या मृत्यूंचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००९ साली छापून आला. त्या एका वर्षात भारतात आगीने भाजून १ लाख ६३ हजार माणसे मेली असावीत, असा त्याचा अंदाज. पोलिसांच्या आकड्याच्या सहापट. त्यांतल्या १ लाख ६ हजार बायका, आणि बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. चूल काय म्हातारीला आणि नवऱ्याला ओळखते, की तरण्या सुनेलाच नेमकी पेटते? त्या काळात देशात वर्षाला खुनाचे गुन्हे होते ३५-३६ हजार. त्या एक लाख सहा हजारांतल्या दहांत एकच जणीला कोणी पेटवले असेल असे धरा, तरी दहा हजारांवर खून होतात, जे खुनांच्या रकान्यात कधी आलेच नाहीत. हे आम्ही केवळ हिशेब म्हणून सांगतो, दहांत एक की तीन की अर्धी, ते त्या अभ्यासातून निघत नाही.

१९८६ साली हुंडाबळीचे वेगळे कलम आले. लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत सून जळून, बुडून किंवा अशाच अनैसर्गिक रीतीने गेली आणि मरणाच्या आधी हुंड्यापायी छळ झालेला असला, तर त्या मरणाला ते लागते. चांगलेच झाले. पण त्याचा आकडा खुनांत मिळवत नाहीत, तो शेजारी वेगळा असतो. २०२२ साली असे साडेसहा हजारांच्या आसपास गुन्हे नोंदले गेले. ते खुनांत मिळवून बघा, प्रमाण दोनच्या वरून अडीचवर जाते. ओट्यावरच्या त्या पोराला आम्ही हे मुद्दाम सांगतो. उतार तरीही उतारच राहतो, पण जरा कमी सरळ.

युरोपातही जो उतार झाला तो मुख्यतः पुरुषांनी पुरुषांना रस्त्यावर, गुत्त्यावर, अब्रूच्या भांडणात मारण्याचा. घरातले मरण इतक्या लवकर खाली आले नाही. आजही जगात मारल्या जाणाऱ्यांत दर दहांत आठ पुरुष असतात, पण बाईला मारले जाते तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा मारणारा नवरा, जोडीदार किंवा घरचाच कोणी असतो. म्हणजे जे मरण मोजायला सोपे, चव्हाट्यावर, साक्षीदारांसमोर, ते कमी झाले. जे बंद दारामागे, जिथे कागदावर काय लिहायचे ते घरचेच सांगतात, ते मोजणे अजून अवघडच आहे. आपल्या देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारणाचा दाखला दिलेले मृत्यू पाचव्या हिश्शाच्या थोडेच वर आहेत. बाकीची माणसे कशाने गेली ते घरचे सांगतील तेच खरे.

आता राहिले एकच. हे आम्ही चाळीस वर्षे कोणाला सांगितले नव्हते, घरी सोडून.

अकस्मात मृत्यू झाला की पोलीस पंचनामा करतात. त्यावर वस्तीतल्या दोन-तीन प्रतिष्ठित माणसांच्या सह्या लागतात. तेव्हा आमच्या चाळीत शिकलेली माणसे बोटावर मोजण्याइतकी. हवालदार म्हणाले, “मास्तर, तुम्ही सही करा.” आम्ही केली. वाचले का? वरवर वाचले. ‘स्टोव्हचा भडका उडून अपघाताने’ असे लिहिले होते. तिच्या खोलीतला स्टोव्ह आम्ही त्या पहाटे पाहिला होता. थंड होता, फळीवर ठेवलेला होता. आम्ही बोललो नाही. शेजारधर्म होता, नवी नोकरी होती, कोर्टकचेरीची भीती होती, आणि खरे सांगायचे तर हवालदाराने विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. पुढच्याच वर्षी, १९८३ साली कायदा बदलला आणि लग्नाच्या सात वर्षांच्या आत गेलेल्या बाईच्या मृत्यूच्या चौकशीचे नियम कडक झाले. तिला त्याचा उपयोग नव्हता.

पुढे आम्ही कॉलेजात पंचवीस वर्षे मुलांना शिकवत होतो, आकडा तपासून घ्यावा, त्याचा उगम बघावा. १९८२ सालच्या महाराष्ट्रातल्या खुनांचा आकडा वर्गात फळ्यावर लिहायची पाळी आली की आमचा हात अडखळायचा. त्या आकड्यात ती नाही. तिच्या कागदावर सही आमची आहे.

तर आजोबा, तुम्ही म्हणालात ते त्या काळापुरते खरे. आणि बाळा, तुझा मोबाईलही खोटा नाही. आमचे मत विचाराल तर देशात माणूस माणसाला मारण्याचे प्रमाण १९९२ पेक्षा आज कमी आहे, हे आम्ही मानतो. किती कमी, ते पंचनाम्यावर सह्या करणाऱ्यांना विचारावे लागेल. या वस्तीत कोणाला तशा कागदावर सही करायला बोलावले, तर आधी आमच्या घरी यावे. वाचून दाखवायला आम्ही येऊ, रात्री-बेरात्री येऊ.

बाहेर खीरदानाची भांडी लागली आहेत, मुले चुळबुळ करताहेत. भन्तेजींची आणि आपली रजा घेतो. जय भीम! नमो बुद्धाय!